ओल्ड कोर्स एवढा सपाट आणि उघडा दिसतो, मग सगळे आराखडेवाले त्याचंच नाव का घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ ची ओपन, म्हणजे गोल्फची ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा ओल्ड कोर्स तुम्हाला सपाट आणि बोडका वाटला. झाड नाही, तळं नाही, फेअरवे (खेळायचे आखूड गवताचे पट्टे) इतके रुंद की चेंडू चुकवायचं म्हटलं तरी चुकू नये. कॅमरन स्मिथ २० अंडर पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा २० कमी, खेळून जिंकला. शिवाय हा कोर्स कोणी आखलेलाच नाही असंही तुम्ही वाचलंत. मग हा नुसता वयाचा मान आहे की त्यात खरंच काही शिकण्यासारखं आहे? आणि तुमच्या क्लबच्या कोर्सची फेररचना व्हायची आहे, तुम्ही समितीवर आहात, तेव्हा तिथून काय उचलावं हेही तुम्हाला हवं आहे.

गोल्फ कोर्सचे आराखडे काढणं आणि जुने कोर्स दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न समितीच्या बैठकांत मी पुष्कळदा ऐकलेला आहे. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. कोर्स अवघड आहे का, हा एक. कोर्स चांगला आहे का, हा दुसरा. विजेत्याचा स्कोअर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपुरतं आणि त्या आठवड्याच्या हवेपुरतं. दुसऱ्या प्रश्नाला माप वेगळं लागतं. प्रत्येक फटक्याआधी खेळणाऱ्याला खरी निवड करावी लागते का? कमकुवत खेळाडूला घरी परतायची वाट आहे का? आणि उद्या खळग्यावरचा झेंडा हलला, वारा फिरला, तर तोच होल (कोर्सचा एकेक टप्पा) वेगळा खेळावा लागतो का? या मापाने ओल्ड कोर्सच्या जोडीला बसेल असा कोर्स मी पाहिलेला नाही. तो का, ते सांगतो.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलू. पहिला वारा. हा कोर्स समुद्र आणि ईडन नदीचं मुख यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर आहे, आडोसा नाही. वारा पडला आणि ग्रीन (खळग्याभोवतीची अगदी बारीक कापलेल्या गवताची जागा) ओले असले की व्यावसायिक खेळाडू या कोर्सचे लचके तोडतात, यात वाद नाही. पण २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी ११ व्या ग्रीनवर चेंडू जागच्या जागी सरकू लागले, खेळ कित्येक तास बंद ठेवावा लागला आणि त्या वर्षीची स्पर्धा सोमवारवर गेली. कोर्स तोच. दुसरी गोष्ट जमिनीचा कडकपणा. फेस्क्यू आणि बेंट गवत वाळूवर वाढलेलं असतं, कोरड्या दिवसांत चेंडू पडल्यावर खूप लांब घरंगळतो, आणि तेव्हाच इथले उतार बोलायला लागतात. तिसरं, खेळतंय कोण. तुमच्या-माझ्यासारख्याला टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारल्यावर जो बंकर (वाळूचा खड्डा) थेट गाठतो, तो मॅकिलरॉयसारखा लांब मारणारा व्यावसायिक सहज ओलांडून जातो. चौथं, झेंडा ग्रीनवर कुठे लावला आहे. या चार गोष्टी सांगितल्याशिवाय ओल्ड कोर्सवरच्या कुठल्याही होलचं वर्णन पुरं होत नाही, आणि त्यातच त्याचं अर्धं मोठेपण आलं.

आणि टीव्हीवर फार जाऊ नका. उंचावरून घेतलेल्या चित्रात जमिनीचे चढउतार पार विरून जातात. प्रत्यक्षात तिथला फेअरवे चालताना पाय सतत खालीवर होतो, कंबरेएवढे उंचवटे आणि तेवढेच खोलगट भाग एकमेकांना लागून आहेत. दोन चेंडू एकमेकांपासून चार पावलांवर पडले तर एक सपाटीवर थांबतो आणि दुसरा तीस यार्ड बाजूला जातो.

आता ‘कोणी आखलेला नाही’ या म्हणण्याकडे येऊ. ते निम्मंच खरं आहे. समुद्र मागे हटला, वाळूचे ढिगारे उरले, त्यावर गवत धरलं, ससे आणि मेंढ्यांनी ते कुरतडून आखूड ठेवलं. शेतीला ती जमीन निकामी होती, म्हणून लोक तिथे खेळत राहिले. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क लेखी मान्य झालेला आहे. सुरुवातीला गॉर्सच्या काटेरी झुडपांमधून जाणारा तो एक अरुंद पट्टा होता. त्याच पट्ट्याने ११ होल जायचं आणि वळून त्याच खळग्यांवरून ११ होल परत यायचं, अशी २२ होलची फेरी. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले, ते जाताना-येताना दोन्हीकडे कमी झाले आणि फेरी १८ होलची झाली. पुढे जगभर तोच आकडा चालला.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा (झाडाच्या चिकापासून केलेला) चेंडू आला. आधीच्या पिसं भरलेल्या चेंडूपेक्षा तो पुष्कळच स्वस्त, त्यामुळे खेळणारे वाढले. जाणारे आणि येणारे एकाच खळग्यावर समोरासमोर येऊ लागले. यावर तोडगा म्हणून एकाच ग्रीनवर दोन खळगे पाडण्याची पद्धत रुजली, ग्रीन रुंदावले, झुडपं मागे हटवली, फेअरवे दुप्पट झाले. आज १८ पैकी १४ होल सात जोडग्रीनवर संपतात. २ रा आणि १६ वा, ३ रा आणि १५ वा, ४ था आणि १४ वा, कुठलीही जोडी घ्या, बेरीज १८. पाचव्या आणि तेराव्याचा सामाईक ग्रीन जवळजवळ एकरभर आहे. म्हणजे ज्या रुंदीचं आज आपण आराखडाशास्त्र म्हणून कौतुक करतो, ती गर्दीतून आली.

पण माणसांचे हात त्यावर फिरलेच. त्या काळचे नामवंत खेळाडू ॲलन रॉबर्टसन यांच्या देखरेखीखाली कोर्स रुंद झाला आणि १७ व्याचा ग्रीन आकाराला आला, असं मानतात. त्यांच्यानंतर ओल्ड टॉम मॉरिस १८६४ पासून १९०३ पर्यंत या कोर्सचे ग्रीनकीपर, म्हणजे देखभाल करणारे, होते. ग्रीनवर वाळू टाकत राहण्याची सवय त्यांनी लावली; ती आज प्रत्येक ग्रीनकीपरच्या अंगवळणी पडलेली आहे. शेवटचा, १८ वा ग्रीन त्यांचा. आणि त्यांनी स्विल्कन ओढ्यापलीकडे पहिल्या होलला स्वतंत्र ग्रीन करून दिला. हे काम दिसायला छोटं, पण त्याने सगळा कोर्स फिरला. त्याआधी पहिल्या टीवरून आजच्या १७ व्या ग्रीनकडे खेळायचे आणि फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व्हायची. नवा ग्रीन आल्यावर उलट्या दिशेने फेरी सहज होऊ लागली. काही काळ दोन्ही दिशा आलटून पालटून वापरत. पुढे आजची दिशा कायम झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, बंकरांकडे आलो की ती लागणार आहे.

आजच्या दिशेचा एक परिणाम असा की जाताना आणि येताना दोन्ही वेळा धोका उजवीकडे राहतो. जाताना उजवीकडे झुडपं, येताना उजवीकडे हद्द: भिंत, जुन्या रेल्वेची जागा, हॉटेल, रस्ता. डावीकडे मात्र शेजारच्या होलचा फेअरवे मोकळा पडलेला असतो. नवखा खेळाडू सुटकेचा नि:श्वास टाकून डावीकडे मारतो आणि चेंडू छान गवतावर सापडतो. पुढच्या फटक्याला कळतं की इथून झेंड्याच्या रेषेत नेमका बंकर आहे, ग्रीनचा उतार आपल्यापासून दूर पळतो आहे, आणि चेंडू थांबवायला जागाच नाही. उजवीकडे, हद्दीला खेटून जो गेला, त्याला ग्रीन समोरून उघडा मिळतो.

याला मी कोनाची किंमत म्हणतो, आणि माझ्या सगळ्या कामाचा पाया तो आहे. फेअरवे ऐंशी यार्ड रुंद असेल, पण त्या ऐंशी यार्डांची किंमत सारखी नाही. झेंडा डावीकडे असेल त्या दिवशी उजवी कड सोन्याची. झेंडा उजवीकडे सरकला की कधी कधी डावी. अरुंद फेअरवे आणि दोन्ही बाजूंना उंच रफ (वाढू दिलेलं गवत) ठेवला की खेळाडूला एकच प्रश्न विचारला जातो: सरळ मारता येतं का? रुंद फेअरवे विचारतो: कुठे मारायचं ते तुला कळलं आहे का? दुसरा प्रश्न जास्त दिवस पुरतो.

१४ वा होल घ्या, ‘लाँग’ नावाचा पार पाच, म्हणजे पाच फटक्यांत पुरा व्हावा असा. टीवर उभे राहिलात की उजवीकडे दगडी भिंत, तिच्यापलीकडे हद्द संपते. डावीकडे बिअर्डीज नावाचे खोल बंकर. दोघांच्या मधला सपाट पट्टा म्हणजे एलिशियन फील्ड्स. तिथे चेंडू आला तरी सुटका नाही, कारण पुढे वाटेत हेल बंकर पसरलेला आहे, माणूस आत उभा राहिला तर बाहेरून दिसेनासा होईल असा. तो ओलांडायचा, की अलीकडे थांबायचं, की डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर जाऊन वळसा घ्यायचा? वळसा घेतलात तर तिसरा फटका वेगळ्याच कोनातून येतो आणि ग्रीनच्या पुढ्यातला उभा चढ चेंडू परत लोटतो. जॅक निकलॉससारखा, याच कोर्सवर १९७० आणि १९७८ ची ओपन जिंकलेला खेळाडू १९९५ मध्ये हेल बंकरात अडकला आणि त्या एका होलवर त्याचे १० झाले. या होलवर एकही मार्ग फुकट नाही आणि एकही मार्ग बंद नाही. आराखडा काढणाऱ्याने भिंतीवर लावून ठेवावा असा हा होल.

१७ वा, म्हणजे रोड होल, सगळ्यांना माहीत असतो, पण लोक त्याच्या टीच्या फटक्याबद्दल जास्त बोलतात. जुन्या रेल्वे शेडच्या आकाराच्या छपरांवरून, हॉटेलच्या कोपऱ्यावरून आंधळा फटका मारायचा, ते दिसायला नाट्यमय आहे. माझ्या मते होलचा प्राण ग्रीनमध्ये आहे. तो ग्रीन अरुंद, लांबट आणि खेळाडूच्या रेषेला तिरका आहे. पुढच्या अंगाला डावीकडे रोड बंकर ग्रीनमध्ये घुसलेला, मागच्या अंगाला खाली डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे भिंत. बंकर टाळायला लांब मारलं तर रस्ता, रस्ता टाळायला आखूड आणि डावीकडे मारलं तर बंकर.

तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बंकरच्या भोवतालच्या जमिनीकडेच बराच वेळ पाहत बसलो. बंकरचं तोंड लहान आहे. पण त्याच्याभोवती कित्येक यार्ड जमीन हलकेच त्याच्याकडे कललेली आहे, ग्रीनचा तो भागसुद्धा. चेंडू बंकरपासून लांब पडतो, थांबल्यासारखा वाटतो, मग हळूच दिशा बदलतो आणि आत जातो. म्हणजे कागदावर तो बंकर जेवढा, त्याच्या कितीतरी पट मोठा तो खेळात आहे. १९७८ मध्ये टॉमी नाकाजिमाचा ग्रीनवरून मारलेला पट (चेंडू घरंगळवणारा फटका) याच उतारावरून बंकरात गेला आणि होलवर ९ लागले. २००० मध्ये डेव्हिड ड्युव्हल शेवटच्या दिवशी त्यातून निघता निघता ८ वर गेला. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा दुसरा फटका रस्त्यापलीकडे भिंतीजवळ जाऊन पडला आणि ओपन सेव्ह बायेस्तेरोसकडे गेली.

आता तुम्ही पाहिलेला स्मिथचा शेवटचा दिवस परत आठवा. १७ व्यावर त्याचा दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे डावीकडे राहिला, झेंडा आणि त्याच्यामध्ये रोड बंकर. त्याने वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढली नाही, पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवणारी काठी) काढला, बंकरला वळसा घालून उतारावरून चेंडू वर नेला आणि पुढचा पट घालून पार वाचवला. ओपन तिथे वाचली. हा फटका कशामुळे शक्य झाला? ग्रीनबाहेरचं गवतही आखूड कापलेलं होतं आणि जमीन कडक होती म्हणून. तिथे घोट्याएवढा रफ ठेवला असता तर सगळ्यांना एकच चिप (चेंडू थोडा उडवणारा आखूड फटका) मारावी लागली असती. ज्याला तुम्ही बोडकेपणा म्हणालात, त्यानेच त्याच्या हातात चार पर्याय दिले. १९९५ मध्ये कॉस्टान्टिनो रोकाने १८ व्या ग्रीनपुढच्या व्हॅली ऑफ सिन या खोलगट भागातून पटरनेच चेंडू खळग्यात घालून जॉन डेलीला प्लेऑफमध्ये खेचलं होतं, तेही त्याच कारणाने.

बंकरांबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे, कारण समित्यांना सगळ्यात मोह त्यांचा पडतो. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत. कित्येकांना नावं आहेत: कॉफिन्स, लायन्स माउथ, प्रिन्सिपल्स नोज. त्यांचा जन्म कसा झाला याबद्दल मेंढ्या आडोशाला बसून खड्डा झाल्याच्या गोष्टी सांगतात. मला जास्त पटतं ते असं की चेंडू जिथे घरंगळत जाऊन साठायचे तिथे लोकांनी फटके मारून मारून गवत उखडलं, वाळू उघडी पडली, आणि मग तो खड्डा कायम झाला. हे खरं असेल तर रोड बंकरभोवतीचा उतार आधीचा आणि बंकर नंतरचा. आपण नकाशावर बरोबर उलटं करतो: आधी शोभेसाठी बंकर काढतो आणि मग त्याच्या कडा उंच करतो, म्हणजे चेंडू त्याच्यापासून दूर जातो.

दुसरी तक्रार नवे लोक करतात ती अशी की १२ व्यासारख्या होलवर टीवरून समोर मोकळं मैदान दिसतं आणि मधोमध बंकर लपलेले निघतात. हा अन्याय वाटतो. वर दिशेची गोष्ट सांगितली ती इथे लागू पडते. ग्रीनजवळ जाऊन मागे वळून पाहिलं की तेच बंकर स्वच्छ दिसतात, कारण उलट्या फेरीत ते समोरच यायचे. मी स्वतः नव्या कोर्सवर मुद्दाम आंधळे बंकर ठेवणार नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला ते खरोखर जाच असतात. पण ओल्ड कोर्सवरून ते काढावेत असं मला अजिबात वाटत नाही. तिथे ओळख वाढवून खेळायचं असतं, कॅडीचं (सामान वाहणाऱ्या, वाट सांगणाऱ्या मदतनिसाचं) ऐकायचं असतं, काल कुठे फसलो ते आज लक्षात ठेवायचं असतं.

अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे. १९२१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, ११ व्या होलवर हिल बंकरमध्ये तो असा अडकला की त्याने फेरीच सोडून दिली. तो होल आखूड पार तीन आहे, पण ग्रीन मागून पुढे चांगलाच उतरता, पुढ्यात स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल, आणि मागे नदीमुखावरून येणारा वारा. झेंड्याच्या वर गेलात तर खाली येणारा पट थांबत नाही, म्हणून सगळे झेंड्याच्या खाली राहायला बघतात आणि स्ट्रॅथ त्याचीच वाट पाहत असतो. तोच जोन्स १९२७ मध्ये इथे ओपन जिंकला, १९३० मध्ये इथेच अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची स्पर्धा) जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. कोर्स बदलला नव्हता, त्याची समज वाढली होती.

टायगर वूड्सने २००० मध्ये चार दिवसांच्या ७२ होलमध्ये एकाही बंकरात चेंडू घातला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. लोक याला ताकद म्हणतात. मला त्यात रेषांची निवड दिसते.

मग आजच्या लांब फटक्यांपुढे कोर्स टिकतो का? इथे मी सरळ उत्तर देतो: वारा नसताना, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसाठी, पूर्ण टिकत नाही. ९ वा, १२ वा, १८ वा हे पार चारचे होल ते टीवरून ग्रीनला नेतात, तेव्हा कोनाचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी टी मागे नेत नेत लांबी वाढवली. १९९० च्या ओपनला ६,९३३ यार्ड होती, २०२२ ला ७,३१३. १७ व्याची टी २०१० मध्ये जुन्या रेल्वे मार्गापलीकडे नेऊन होल ४९५ यार्डांचा केला. पुढच्या काही वर्षांत ११ व्या ग्रीनचा एक भाग कमी उतरता केला, म्हणजे आजच्या वेगवान ग्रीनवरही तिथे झेंडा लावता यावा, आणि रोड बंकर उजवीकडे अर्धा मीटर रुंद केला. आमच्या क्षेत्रात त्यावर फार वाद झाले. टी मागे नेण्याला माझी हरकत नाही, कारण ती उद्या परत पुढे आणता येते. ग्रीनच्या पोटात हात घालणं मला पटत नाही. चेंडूचा वेग आवरणं हा खरा उपाय आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये खेळाच्या नियामक संस्थांनी चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय जाहीर केला, तो मला योग्य वाटतो. पण हे सगळं मूठभर लोकांपुरतं. उरलेल्या आपल्या सगळ्यांना त्या कोर्सवर आजही प्रत्येक प्रश्न पुरा सोडवावा लागतो.

आतापर्यंतचं एका दमात: रुंदी आहे पण तिची किंमत जागोजागी वेगळी, बंकर वाटेत आहेत आणि जमीन त्यांना पोसते, ग्रीनच्या पुढची जमीन उघडी आणि कडक आहे, आणि झेंडा व वारा रोज नवा कोर्स करून देतात.

यातलं काय उचलता येतं? जगाने आधीच उचललेलं आहे, आणि कसं उचललं ते पाहण्यासारखं आहे. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड १८७२ मध्ये शिकायला सेंट अँड्र्यूजला आला, ओल्ड टॉमच्या संगतीत खेळ शिकला, आणि पुढे अमेरिकेत लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स बांधताना रोड होल आणि ११ वा यांची तत्त्वं तिथल्या जमिनीत बसवली. त्याने नक्कल केली असं वरवर दिसतं, पण त्याचे बंकर तिथल्या जमिनीच्या उतारांवर बसतात. आराखडाकार ॲलिस्टर मॅकेन्झीने १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा सविस्तर नकाशा काढला, आणि नंतर जोन्सबरोबर अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल आखताना तिथे सुरुवातीला रफ जवळजवळ ठेवलाच नाही, बंकरही मोजकेच. टेकडीवरच्या, झाडांनी भरलेल्या त्या कोर्सचं ओल्ड कोर्सशी दिसण्यात काहीच साम्य नाही, आणि तरी तो त्याचा सगळ्यात प्रामाणिक शिष्य आहे. लंडनजवळच्या वोकिंगला जॉन लो आणि स्टुअर्ट पेटन यांनी ४ थ्या होलच्या फेअरवेच्या मधोमध बंकर पाडले, १६ व्यावरच्या प्रिन्सिपल्स नोजच्या धर्तीवर. सभासद खवळले. टॉम सिम्प्सन तो होल पाहून विचारात पडला आणि कोर्स आखण्याच्या व्यवसायाकडे वळला.

प्रिन्सिपल्स नोजचं काम साधं आहे. फेअरवेच्या मध्याजवळ बंकरांचा पुंजका, उजवीकडे हद्द. दोघांच्या मधून गेलात तर ग्रीनचा कोन उत्तम, डावीकडून गेलात तर सुरक्षित पण पुढचा फटका अवघड. एक पुंजका, दोन मार्ग. कडेला दहा बंकर पाडूनही हे होत नाही.

तुमच्या कोर्सबद्दल आता. माती कोणती, पाणी कुठे जातं, वारा किती, यावर सगळं ठरेल. जमीन चिकणमातीची असेल तर उभ्या भिंतीचे खोल बंकर करू नका. ओल्ड कोर्सवर त्या भिंती गवताच्या, मातीसकट कापलेल्या थरांवर थर रचून उभ्या करतात. वाळूतून पाणी झिरपून जातं तरीसुद्धा त्या वाळतात, ढासळतात आणि काही वर्षांनी नव्याने रचाव्या लागतात. चिकणमातीत तोच खड्डा पहिल्या पावसात हौद होतो. जोडग्रीनही करू नका. दोन्हीकडून येणारे चेंडू सांभाळायला प्रचंड जागा लागते आणि देखभालीचा खर्च समितीला झेपत नाही. नावं ठेवलेले बंकर, दगडी पूल, कृत्रिम उंचवटे यांवर एक पैसाही घालवू नका.

काही गोष्टी मात्र कुठल्याही मातीत चालतात. फेअरवेच्या कडा बाहेर सरकवा, विशेषतः ग्रीनकडे चांगला कोन मिळतो त्या बाजूने. निदान काही ग्रीनचा पुढचा भाग बंकरमुक्त ठेवा, म्हणजे लांब मारू न शकणारा सभासद चेंडू घरंगळवत आत आणू शकेल. ग्रीनभोवतीचं गवत दोन-तीन जागी आखूड कापा, तेही जिथे उतार चेंडूला दूर नेतो तिथे. पाणी कमी द्या; पाटभर पाणी प्यायलेल्या फेअरवेवर चेंडू पडतो तिथेच बसतो आणि मग वर सांगितलेलं सगळं निरर्थक होतं. नवे ग्रीन करणारच असाल तर एखादा तरी असा असू द्या जो पुढून मागे उतरतो, आणि एखादा रेषेला तिरका.

सुरुवात कापणीपासून करा, खोदकामापासून नको. एक हंगाम फक्त गवत कापण्याच्या रेषा बदलून पाहा. त्या चुकल्या तर पुढच्या महिन्यात पूर्ववत होतात, खर्च जवळजवळ नाही. समितीने फेरी उलटी चालावी: शेवटच्या ग्रीनवर उभं राहून टीकडे बघत यावं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारावं की इथे चेंडू कुठून आलेला बरा. जिथे सगळ्यांचं उत्तर ‘कुठूनही, काय फरक पडतो’ असं येईल, तो होल दुरुस्तीला पहिला घ्या. आणि बंकरांची जागा ठरवताना जुन्या ग्राउंड्समनना विचारा की चेंडूने उखडलेल्या गवताचे तुकडे जास्त कुठे पडतात. त्यांना ते कुठल्याही नकाशापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

कोर्सचा चढउतार दाखवणारा नकाशा, मातीचा प्रकार आणि ग्रीनचे आकार इथे टाकलेत तर मी होलवार लिहू शकेन. तुमच्याकडे सगळ्यात कंटाळवाणा मानला जाणारा होल आधी टाका.